दिगंश

एकतीस वर्षं तुलेगेनचं काम एकच:
उड्डाणाच्या आदल्या दिवशी
रॉकेटसकट अख्खा चौथरा फिरवायचा,
जायचं तिकडे त्याचं तोंड करून द्यायचं.
ते जुनं धूड मान वळवायला शिकलंच नव्हतं.
पोटात भोवरे, रिले, तारांची जुडगी;
एकदा सुटलं की नाकासमोर.
म्हणून हा दुर्बिणीला डोळा लावून
अंश, कला, विकला जुळवत बसायचा
आणि वंगणाचे हात
सॅक्सौलच्या जाळावर शेकायचा.

मी समाराहून आले, एक डबा घेऊन.
पावाच्या लादीएवढा.
जुनी पेटी उतरवायला चौघं लागले.
झाकणाच्या आत पेन्सिलीत कुणा झिनाइदाची सही,
तारीख माझ्या जन्माच्या आधीची.
तारा अशा घालून ठेवलेल्या, जशी शाळेत जाणाऱ्या मुलीची वेणी.
कात्री हातात, आणि मी थबकले.
मग कापल्या.

"आता दिशा कोण दाखवणार?"
म्हटलं, वर गेल्यावर स्वतःच वळेल,
अंगाभोवती जराशी गिरकी घेईल, मग झुकेल.
तेवढ्यासाठी चाळीस ओळी लिहिल्यात.
तो हसला नाही.
"घोड्याचं तोंड आधी फिरवतात," म्हणाला, "मग टाच."

खाली मात्र काहीच बदललं नव्हतं.
तेच केरोसीन,
आणि नळकांड्यांत खालून खोचलेल्या
बर्चच्या काठ्या, टोकाला दारू.
सेकंदाला लाखो हिशेब करणारा माझा डबा
वाट पाहत होता
लाकूड पेटायची.

पहाटे सुटलं.
रुळांच्या कडेचे रानट्यूलिप आडवे झाले.
मी ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होते,
सात, आठ,
नऊला काहीच नाही,
पोटात खड्डा,
आणि मग ते वळलं.
इतकं हळू, झोपेत कूस बदलावी तसं.
शेजारी तुलेगेनने टोपी काढली होती.
वाऱ्यामुळेही असेल.

दुसऱ्या दिवशी चौथऱ्यापाशी गेले तर
हा वाकलेला, दातेरी कड्यातली काजळी खरवडत,
बाजूला ग्रीसचा डबा.
"आता फिरणार नाही तो," मी म्हटलं.
"म्हणून गंजू द्यायचा?"
एक चिंधी माझ्या हातात दिली.
"डावीकडचे दात राहिलेत."