एकाचे साठ

ही भिंत खिळा घेत नाही.
हातोडीनं दोनदा मारून पाहिलं,
खिळाच वाकला
आणि अवघडलेल्या पाहुण्यासारखा तसाच उभा.
वॉचमन म्हणाला, मावशी, इथं सगळं काँक्रीट,
ड्रिलवाला बोलवा.

सव्वीस वर्षं, सात घरं.
कोपरी, कळवा, किसननगर दोनदा,
वर्तकनगरला तर जेमतेम एक गुढीपाडवा.
करारनाम्यात दर वेळी तीच ओळ:
भाडेकरूने भिंतीस खिळे ठोकू नयेत.
मी सही करायचे.
फोटो कपाटात, साड्यांच्या घडीत झोपायचे.

आता कासारवडवलीला, सतराव्या मजल्यावर
शमशाद शिडी लावून विचारतो,
किती मारायचे? एकाचे साठ.

साठ.
पलंगावर सगळं पसरून बसले मी हिशेबाला,
कशाला भोक आणि कशाला नाही.
लग्नाच्या फोटोला नाही. त्यात मी रागावलेली आहे,
कशावरून ते आता दोघांनाही आठवत नाही.
मामंजींना हो, आणि स्क्रू मोठा,
माणूस जड होता.
तलावपाळीच्या फोटोला हो:
आम्ही तिघं, आणि कडेला कुणा परक्याचा
कोपरापर्यंत हात, हातात भेळेचा कागद.
स्टुडिओवाला म्हणाला होता, कापून देतो.
मी नको म्हटलं.
त्या संध्याकाळी तोही होताच की.

बिल्ला निघाला तेव्हा हे गॅलरीत जाऊन उभे राहिले.
पितळी, चारशे बारा, वर भोक आधीपासूनचं.
वागळे इस्टेटला आत शिरताना फळ्यावरून उचलायचा,
सुटताना परत अडकवायचा.
शेवटच्या दिवशी फळाच कुणी काढून नेला होता,
बिल्ला खिशातच राहिला.
'हा कशाला?' एवढंच म्हणाले.
मग पाच मिनिटांनी आत येऊन, शमशादला:
'दाराजवळ घे. खांद्याएवढ्या उंचीवर.
तिथं नाही, डावीकडे.
माझा हात डावीकडे जातो.'

आणि नाडी.
परकराची पांढरी नाडी, गाठी मारलेली.
लोक भिंतीवर पेन्सिलीनं पोरांची उंची लिहितात.
आम्ही दर वाढदिवसाला कौशलला दाराशी उभं करून
टाचेपासून टाळूपर्यंत नाडी धरायचो,
नि गाठ.
नऊ गाठी.
दहाव्या वर्षी म्हणाला, आई, पुरे आता.

तिच्यासाठीच नेमकी सळई लागली.
यंत्र किंचाळलं, शमशादनं मान हलवली,
दोन बोटं सरकून दुसरं मारलं.
एका नाडीसाठी एवढं, पण काही बोलला नाही,
उलट शिडीवरून उतरून, वाकून,
टोक फरशीला टेकतंय का ते बघितलं.
'चुकलेल्याचे पैसे नकोत,' म्हणाला.
'पुट्टी भरून घ्या, दिसणार नाही.'

पुट्टी आणायची राहून गेली.
मुद्दाम नाही. किंवा असेल.
खोलीभर पिठासारखी भुकटी,
दोन दिवस चहातसुद्धा लागत होती.

रविवारी कौशल आला चाकणहून.
बूट काढताना खांदा लागून बिल्ला हलला,
ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं,
परत खाली घातलं.

नाडीपाशी तो थांबला.
वाकला, आणखी वाकला,
शेवटी गुडघ्यांवरच बसला.
सगळ्यात खालची गाठ चिमटीत धरून म्हणाला,
एवढा?

एवढाच.

मग उठला, पँट झटकली.
शेजारचं रिकामं भोक बोटानं चाचपलं.
वाण्याच्या यादीजवळची बुटकी पेन्सिल उचलून
त्यानं त्यात खोचून पाहिली.

घट्ट बसली.