दमडू तांडेल

सातवं आणि शेवटचं पुस्तक गुरुवारी आलं.
ब्रॉटी फेरीच्या दुकानाबाहेर शाळा सुटल्या-सुटल्या रांग,
खाडीवरून धुकं चढत होतं.
इथं त्या धुक्याला हार म्हणतात.
गळ्यात घालतात तो नव्हे, पत्करतात तीही नव्हे;
कुठल्या लिंगात चालवावं
हे मला अकरा वर्षांत ठरवता आलेलं नाही.

मिहिका पुस्तक छातीशी धरून वर गेली.
"बाबा, हे माझं मी वाचते."
दार लागलं.

पहिली सहा आम्ही दोघांनी वाचली.
रात्री साडेआठला इंग्रजी ओळीवर बोट ठेवून
मी मराठीत सांगायचो, अडखळत,
कधी एखादा डोंगर गाळून,
कधी पदरची कोल्हीण घालून.
त्यातला म्हातारा नावाडी, पेनीक्विक,
त्याचा मी दमडू तांडेल केला.
तांडेल हा शब्दही उसना, हर्णैच्या एका मित्राचा.
आम्ही जतचे; आमच्या घराण्यात होडी फक्त कागदाची.

भाड्यापोटी दमडू एक बटण घ्यायचा.
पैसा नको, सोनं नको, अंगावरचं एक बटण.
त्या वर्षी माझे तीन शर्ट उघडे पडले.
डंडीच्या दातांच्या इस्पितळात
मी सेफ्टी पिन लावून दाढा काढल्या.

तिसरं पुस्तक, पान दोनशे अकरा:
दमडू बुडतो.
लेखिकेनं दोन ओळींत उरकलंय.
मिहिकाला त्या रात्री एकशे दोन ताप.
मी पानाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं,
आणि म्हणालो,
"मग दमडूनं वल्हं घट्ट धरलं."

एकदा वाचवला की माणूस पोसावा लागतो.
चौथ्यात त्याचा घसा बसवला, म्हणजे बोलायला नको.
पाचव्यात घुबडाची वाक्यं काढून त्याच्या तोंडी घातली,
घुबड बिचारं मुकं झालं.
सहाव्यात काजळराणीच्या गडाला वेढा पडला
तेव्हा तो खाली होडी राखत बसला,
चारशे पानं,
मधूनच खोकत,
आहे हे कळावं म्हणून.

आणि आता सातवं.
मी दुकानातच उभ्या-उभ्या चाळलं होतं.
दुसऱ्याच प्रकरणात मुलं गेलेल्यांसाठी पाण्यात दिवे सोडतात.
पहिला दिवा त्याचा.

भांडी घासली. स्वच्छ शेगडी पुन्हा घासली.
दोन वाजता दाराखाली उजेडाची रेघ होती.
दार वाजवायला हात उचलला.
काय सांगणार होतो?
की तुझ्यासाठी केलं?
खरं तर मलाच जमलं नव्हतं त्याला सोडणं,
आणि तू तापात होतीस हे निमित्त बरं सापडलं.

सकाळी ती खाली आली, डोळे सुजलेले.
"संपलं?"
"हं."
चमचा बराच वेळ दुधात नुसता फिरला.
"शेवटी सगळे पलीकडं जातात. स्वतःच वल्हवतात.
होडीत नावाडी नसतो."
मी टोस्टला लोणी लावत राहिलो,
दोन्ही बाजूंनी.
"मी त्याला मागं बसवला," ती म्हणाली.
"काही बोलला नाही. दमलाय तो."

वाडगा विसळला, दप्तर उचललं.
तुला कधी कळलं, हे विचारेपर्यंत
फाटक वाजलं होतं.

बाहेर हार उतरली होती. की उतरला होता.
टे नदीवरचा पूल अर्ध्यातच संपलेला.
आठ बावीसची बस.
कोट चढवला, वरचं बटण लावायला गेलो,
बोटांना नुसता दोरा लागला.