अजून मुरायचाय

बाचुआ कुत्री घेऊन आला तेव्हा
आमचा बासो चौदा महिन्यांचा होता.
खांदे भरलेले, मान खोंडासारखी,
आणि पंजे इतके मोठे
की धावताना त्याचाच पाय त्याच्या पायात.

बाचुआने ओंडक्यावर चीज ठेवलं,
मेंढीच्या कातड्यात मुरवलेलं, वर चाळीस लारी.
"माजावर आहे, परवापर्यंत उतरेल.
तुझा नर अंगाने भरलाय, इमेदा,
वाट कसली बघतोस?"

वडिलांनी चीजचा वास घेतला. म्हणाले, छान मुरलंय.
मग बासोकडे बघून,
हा नाही मुरला.

मी तिबिलिसीहून सुट्टीला आलेले,
जनावरांच्या डॉक्टरकीचं तिसरं वर्ष.
म्हटलं, दोन वर्षांचा होऊ दे,
खुब्याचा एक्स-रे काढू, मग ठरवू.
वडिलांनी विचारलं,
"त्यात भीती दिसते?"

तोपाची गोष्ट आमच्याकडे कुणी काढत नाही.
तोही देखणाच. दीड वर्षाचा असताना
तीन कळपांना दिला, पिल्लं झाली एकवीस.
पुढच्या वर्षी मेंढरं उतरवताना
अबानोच्या खिंडीत अस्वल आलं,
आणि तोपा शेपूट घालून
वडिलांच्याच पायांमागे.
एका कुत्र्याचं पळणं झाकता आलं असतं.
पण तोवर ते
एकवीस ठिकाणी चालायला शिकलं होतं.

बाचुआने पैसे उचलले, चीज राहू दिलं.
रागावला तरी
दिलेलं खाणं परत नेणं बरं दिसत नाही.
त्याची कुत्री उतारावर तीनदा थांबली.
खुंट्याला बांधलेला बासो रात्रभर असा आवाज काढत होता
की पुस्तकातला एकही शब्द मला त्याला लावता येईना.

सकाळी दोर होता.

दहाच्या सुमारास आला. कानात काटे, पोट खपाटीला.
कुणाकडेही न बघता पाणी प्यायला,
खूप वेळ.
वडिलांनी दोराचं चावलेलं टोक चिमटीत धरलं,
अजून ओलं होतं.
मग बोटांची पेरं मोजायला लागले.
मी म्हटलं, त्रेसष्ट दिवस.
"ठाऊक आहे," ते म्हणाले.

सात झाली.
बासोला अजून लांडगा भेटलेला नाही.
वडील दर रविवारी बाचुआकडे जातात,
चाचाचा एक पेला घेतात,
पिल्लांच्या मागे जाऊन
पत्र्याची थाळी दगडावर आपटतात,
आणि बघत राहतात
कोण पळतं,
कोण पळून परत येतं.