मांड

पहाटे पाचला महालक्ष्मीच्या पागेत
दमयंती माझ्याकडे एक कान वळवते. एकच.
दुसरा हाजी अलीच्या बाजूला,
कुठल्याशा ट्रकच्या ब्रेककडे.

पहिले चार महिने
मी तिला शिकवतेय असं मला वाटायचं.
निळं प्लास्टिक फडफडलं की तिची आडवी उडी,
आणि मी वाळूत.
गुलाब मोतद्दार खरारा न थांबवता म्हणायचा,
"बाई, तुमी श्वास धरून बसता.
तिला वाटतं, तुमालाबी काय दिसलं."

मग टाच सोडली, नुसती पोटरी.
लगाम असा, की झोपलेल्या पोराच्या मुठीतून
खुळखुळा सोडवावा.

फेब्रुवारीत, शोच्या दिवशी,
लाउडस्पीकर खरखरला, मांडवाची झालर हलली.
तिच्या कातडीखालचा शहारा
खोगिरातून माझ्या मणक्यात चढला.
मी काही केलं नाही.
(काही न करणं मला फार उशिरा जमलं. घरीही.)
ती फुरफुरली, आणि दुडकी धरली.

तिसऱ्या अडथळ्याचा बांबू पडलाच.
रिबीन दुसऱ्या कुणाला.

परतताना मी पुटपुटत होते,
गुलाबची उचल, नालांचे पैसे, असलंच काहीबाही.
तिचा दुसरा कान वळला.
जरा वेळ.
मग पुन्हा ट्रककडे.