सोडत

स्ट्रॉमनेसच्या बंदरालगत, चर्चच्या हॉलमध्ये
थोरा इस्बिस्टर खुर्च्या मोजते. बेचाळीस.
डुगडुगणाऱ्या तीन भिंतीकडे.
मला सांगते, चहा कडक कर, केक महाग लाव,
आज कुणी घासाघीस करणार नाही.

पैसे बोटीच्या भाड्याचे:
ॲबर्डीनला किमोला जाणाऱ्याच्या शेजारी
कुणीतरी बसलेलं असावं, एवढ्यासाठी.

सोडतीची बक्षिसं: विणलेले मोजे,
मॅग्नसचा खेकडा (जिवंतच, सांगून थकलो),
आणि शेरीची बाटली.

बाटली अकरा वर्षं गावात फिरतेय.
ज्याला लागते तो वर्षभर सांभाळतो,
धूळ पुसून पुन्हा इथेच आणून ठेवतो.
शेरी कुणालाच आवडत नाही, हे एक.
दुसरं कुणी बोलत नाही.

यंदा तिची जागा रिकामी. अडीच वाजले.
गेल्या साली इंगाला लागली होती.
कुजबुज सुरू झाली, तशी ती आलीच,
बाटली काखेत. मोकळी, धुतलेली.
"रॉबी म्हणाला, बोट सकाळची आहे,
आज फोडूया. चहाच्या कपातून प्यायलो.
फार गोड होती गं.
भाडं तुम्हीच दिलं होतंत, म्हणून…"
पुढचं तिला जमलं नाही.

थोराने यादीत 'शेरी' खोडून 'बाटली' लिहिलं.
गुलाबी तिकिटं संपली,
मागच्या वर्षीची निळी काढावी लागली.
मी स्वतः सहा घेतली.

खेकडा तेवढ्यात टेबलावरून उतरून
दाराकडे निघाला होता, तिरका.