कुठं दुखूलंय

तिसऱ्यांदा फॉर्म भरताना
मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहिलं,
अधिवासाच्या रकान्यात कर्नाटक.
तहसीलच्या कारकुनानं दोन्ही रकाने बघितले
आणि दाखला परत सरकवला: नाळे बर्री.
नाळे म्हणजे उद्या, हे मला बालवाडीपासून येतं.
उद्या म्हणजे कधी, ते अजून नाही.

वडगावात आमच्या गल्लीला
पहाटे चारलाच माग सुरू होतात.
त्याच खटखटीवर मी मेंदूच्या बारा नसा पाठ केल्या,
ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर,
करंट गेला की नेमकी सातवी विसरायची.
काय वाचूलीस गं? बाबा मागावरनंच.
चेहऱ्याची नस, बाबा.
ती वरनं दिसते होय?
नाही दिसत.
ते परत तुटका धागा शोधायला लागतात,
नाक कापडाला टेकेपर्यंत वाकून.
चष्म्याचा नंबर वाढलाय. क्लासची फी भरल्यावर बघू म्हणतात.

क्लास टिळकवाडीत, पहिल्या गेटाजवळ.
सर म्हणतात, एकशे ऐंशी प्रश्न, एकशे ऐंशी मिनिटं,
चुकलं की एक मार्क गेला.
विचार करत बसू नका, ओळखा.
मी दोन वर्षं विचार करत बसले.

मग जानेवारीत एका रात्री
शेजारच्या भरमाक्काला रिक्षात घालून सिव्हिलला नेलं.
कांड्या भरता भरता तिथंच बसली होती ती, भिंतीला टेकून,
हातातली कांडी सोडत नव्हती.
ड्युटीवरची डॉक्टर मंगळूरकडची,
माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल,
पुस्तकातलं स्वच्छ कन्नड, डोळ्यांखाली काळं.
भरमाक्का बोलत सुटली:
आधी कळ आली बाई, मग सणक, मग नुसतं भगभग,
आणि आता कसनुसं होऊलंय.
डॉक्टरनं केसपेपरवर एकच शब्द लिहिला, पेन.

मी मधे पडले.
कळ म्हणजे नोवु.
सणकेला चळकु चालेल.
भगभग, उरि.
कसनुसं?
अंदरे? डॉक्टरनं विचारलं. म्हणजे काय?
चार पर्याय डोळ्यांसमोर आले, चारही चूक.
दुखणं नाही. उलटी नाही. भीतीही नाही,
पण घरात कुणीतरी आलंय आणि दिसत नाही, तसं काहीतरी.
हे मी कन्नडमध्ये कसं सांगितलं, आठवत नाही.
मावशी, कसनुसं कुठं होऊलंय?
भरमाक्कानं कांडीचा हात उचलला
आणि पोटाला नाही,
जबड्याला लावला.
मग डाव्या खांद्याला.

डॉक्टरचं पेन थांबलं.
त्यानंतर सगळं भराभर, पडदा, वायरी, छातीवरचा गार जेल,
मशिनीतनं गुलाबी चौकटींचा कागद सरसर येत राहिला.
मला त्यातलं काही कळलं नाही.
धड्यात एकच ठोका असतो, नीट, छापील, बाण काढलेला.

पहाटे बाकावर ती माझ्याशेजारी येऊन बसली.
आता बऱ्या आहेत, म्हणाली. आणि मग,
तू कितव्या वर्षाला?
तिसऱ्या, मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
तिनं मान डोलावली, मोठ्या बहिणीसारखी,
तिसरं फार वाईट असतं, म्हणाली, सोडू नको.
मग तळहातावर पेनानं, कन्नड लिपीत,
तो शब्द लिहून घेतला. ‘क’ला काना लागला होता.
मी दुरुस्त केला नाही.
ती बसल्या बसल्या झोपली होती.

आठ दिवसांनी भरमाक्का घरी आली,
मीठ बंद केलंय म्हणून डॉक्टरला शिव्या देत.
कांडी अजून माझ्या दप्तरात आहे,
परत द्यायची राहिली.

आज परत तहसील.
खिडकीशी माझ्यापुढं एक म्हातारा,
छातीशी फाईल धरून, अंमळ वाकडा उभा.
पुस्तकात बोट घालून सातवी आठवता आठवता
मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिले,
एक ओठ किंचित खाली आहे का,
की तो नुसताच वाट बघून दमलाय.
अज्जा, म्हटलं,
पण मग पुढचं
कुठल्या भाषेत विचारायचं, कळेना.