शंभर नावं

हर्षला मढवीनं घर सोडताना
जिन्याखालच्या रद्दीवर ती वही टाकली होती.
दोनशे पानी, कव्हरवर मोर.
फॉल-पिकोचे हिशेब लिहायला कोरी पानं मिळतील
म्हणून मी उचलली.

पहिल्या पानावर: ओळखीची शंभर नावं लिहा.
मलाही हेच सांगितलं होतं,
वाशीच्या त्या हॉलमध्ये, जिथे एसी इतका
की बायका पदर खांद्यावर ओढून बसल्या होत्या
आणि पनवेलचा एक जण भर मे महिन्यात कोट घालून
फळ्यावर गोल काढत होता.
मधला गोल तुम्ही, ताई.
तुमच्या खाली दोन. दोघांच्या खाली चार.
विकायचं काहीच नाही, फक्त सांगायचं.
टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.
माझ्या पर्समध्ये परतीच्या बसचे सुटे होते
आणि कानातले मोडून आणलेले अठरा हजार चारशे.

प्रोटीनचे सोळा डबे आले.
कोपरखैरण्यात, सिडकोच्या दीड खोलीत सोळा डबे म्हणजे
एकानं उभ्यानं जेवायचं.
मशीनखाली लावले, दिवाणाखाली, देवाच्या फळीखाली.
ब्लाउजचं माप देता देता कुणी
गुडघे दुखतात म्हणालं, की माझ्या तोंडात
पावडर यायची.
हळूहळू बायका रेडिमेड ब्लाउज घालू लागल्या.

निहार तेव्हा सातवीत.
कॅल्क्युलेटरवर दुपटीवर दुप्पट करत म्हणाला,
आई, विसाव्या ओळीत दहा लाख माणसं लागतात.
म्हणजे घणसोली, तुर्भे, नेरूळ, सगळे संपले.
मासळीवाली पण. वॉचमन पण.
मग त्यांनी कुणाला विकायचं?
मी म्हटलं, निगेटिव्ह बोलू नये.
ते वाक्यही माझं नव्हतं.
किटबरोबर आलं होतं.

हर्षलाच्या वहीत नावांपुढे एक रकाना होता, शेरा.
बारीक, वळणदार अक्षर. पूर्वी बालवाडीत शिकवायची.
मोठी मामी: सोनं आहे. मामा नसताना जायचं.
तेरा नंबरच्या काकू: एकट्या असतात, बोलायला कुणी हवं असतं.
मी सदतिसावी.
माझ्यापुढे: नवऱ्याची कंपनी बंद. लगेच तयार होईल.

खोटं काय होतं त्यात?
रबाळ्याच्या गेटला टाळं लागलं त्या आठवड्यात
ती तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन आली होती.
मी त्या भाकऱ्या आजवर माया म्हणून मोजत आले.
असेलही माया.
वहीत तसा रकाना नव्हता.

फ्लॅट विकून ती उरणला माहेरी गेली म्हणतात.
तिच्याही वर कुणीतरी होतं, त्याच्या वहीत तीही
कितवी तरी असणार.
जाताना जिन्यात समोर आली,
तेव्हा आम्ही दोघींनी
लाइटचे मीटर वाचायला घेतले.

मी वही जाळणार होते. गॅस पेटवलासुद्धा.
मग आठवलं, माझीही एक आहे,
माळ्यावर, उरलेल्या डब्यांच्या मागे,
ज्यांची तारीख उलटून तीन वर्षं झाली.
तिच्यात पहिलं नाव कळव्याच्या ताईचं.
शेरा माझ्याच हातचा:
कधी नाही म्हणत नाही.

ताईनं चार डबे घेतले होते, भिशीच्या पैशातून.
पावडरीचं काय केलं, मी विचारलं नाही.
गेल्या रविवारी गेले,
तर तिनं चहाला साखर काढली ती त्याच डब्यातून.
झाकणावर अजून तो सोनेरी गरुड.
डबा मात्र चांगला निघाला गं, म्हणाली,
आणि चमचा तसाच धरून विचारलं,
कमी टाकू, की नेहमीसारखी?